विलंबितात अंतरा गाळायचा आणि बंदिशकाराच्या हालांच्या कथा सांगायच्या?

लश्करकर:
ग्वाल्हेरातल्या मैफलींत एक गोष्ट मला बऱ्याच दिवसांपासून खटकते आहे, म्हणून हा धागा.

मोठा ख्याल, म्हणजे विलंबित (संथ) लयीतली मैफलीची मुख्य चीज, सुरू होतो. स्थायी, म्हणजे चिजेचा पहिला भाग, येते, कधी पुरी, कधी अर्धी. मग मुखडा (स्थायीची सुरुवात) पकडून आलापी, बोलआलाप, सरगम, ताना. चिजेचा दुसरा भाग, अंतरा, येतच नाही. आलाच तर पहिल्या ओळीपुरता: तार षड्जावर टाळी घेतली की गाडी परत मुखड्यावर. आता सदारंग, अदारंग, मनरंग या जुन्या बंदिशकारांची नावं बंदिशीत कुठे असतात? बहुतेक वेळा अंतऱ्यात. म्हणजे ज्याने ती चीज बांधली त्याची सही असलेला भागच आपण ऐकत नाही.

दुसरीकडे निवेदक आणि मध्यंतरात चहा घेणारी मंडळी यांच्याकडे कथांना तोटा नाही. तानसेन दीपक गाऊन होरपळला, ग्वाल्हेरचे गवई हस्सू खाँ यांची बरगडी तानेत मोडली, रहिमतखाँ वेडाच्या भरात भटकत होते. लोक हळहळतात, चुकचुकतात आणि चीज कुणाची होती हे न विचारता घरी जातात. रचनाकाराचं दुःख हवं आणि त्याचं नाव नको, हे मला फार अन्यायाचं वाटतं.

आपल्या ग्वाल्हेरची रीत तर उलटी आहे. स्थायी दोनदा, अंतरा एकदा, शब्द कळतील असा स्वच्छ भरायचा आणि मगच विस्ताराला हात घालायचा. कृष्णराव शंकर पंडितांच्या (१८९३–१९८९) ध्वनिमुद्रणांत ही शिस्त अजून ऐकू येते. चीज पूर्ण मांडली की ती बांधणाऱ्याचं नाव आपोआप श्रोत्यांच्या कानी पडतं, त्याला निवेदक लागत नाही.

सदारंगांचंच पाहा. खरं नाव नियामत खाँ, बीन वाजवणारे, महंमदशाह रंगीलेच्या (१७१९–१७४८) दिल्ली दरबारातले. परंपरा सांगते की बादशहाशी बिनसल्यावर ते दरबार सोडून गेले आणि 'महंमदसा'चं नाव घातलेले ख्याल शिष्यांकडून गाववले. ते बादशहाच्या कानी गेले आणि दिलजमाई झाली. ही कथा कितपत खरी कुणास ठाऊक, पण शेकडो ख्यालांच्या अंतऱ्यात बादशहा आणि कलावंत शेजारी शेजारी बसले आहेत हे आपण आजही ऐकू शकतो. १७३९ साली नादिरशहाने ती दिल्ली लुटली. दरबार गेला, बादशहा गेला, अंतऱ्यातली जागा तेवढी राहिली. तीही आपण वेळ नाही म्हणून कापायची?

तर प्रश्न दोन. बंदिशकाराचं आयुष्य श्रोत्याला माहीत असावं का? आणि असलं तर ते मैफलीत कुठून यावं?

झुमरा:
धागा चांगला आहे, पण गाणाऱ्याची बाजूही ऐका. मी गाणं शिकवतो, अधूनमधून गातोही. समारोहात पाऊण तास मिळतो. आजच्या विलंबित एकतालात एक आवर्तन मिनिटाच्या आसपास जातं. पूर्ण स्थायी दोनदा आणि पूर्ण अंतरा भरायचा तर त्यातच बराच वेळ संपतो आणि राग अजून उघडलेला नसतो.

शिवाय अंतरा न गाण्यामागे प्रत्येक वेळी आळस असतो असं नाही. इंदूरचे अमीर खाँसाहेब झुमरा तालाच्या अतिविलंबित लयीत अनेकदा अंतरा घेतच नसत. त्यांना स्थायीचे शब्द एवढेच हवे असत की त्यांच्या आधाराने राग एकेक स्वराने वाढवता यावा. स्वतः 'सुररंग' या नावाने बंदिशी बांधणारा माणूस हे करतो, म्हणजे त्याने विचारपूर्वकच केलं असणार. त्यांचं गाणं उणं झालं असं कोण म्हणेल?

लश्करकर:
झुमरा, अमीर खाँसाहेबांबद्दल पूर्ण सहमत. त्यांची मांडणीच वेगळी होती, आणि त्या मांडणीत अंतऱ्याचं काम दुसऱ्या गोष्टी करतात. माझं म्हणणं त्यांच्या नंतरच्यांबद्दल आहे. लय त्यांची घेतली, अंतरा त्यांच्यासारखा सोडला, पण त्यांचा तो धीर घेतला नाही. आणि ग्वाल्हेर अंगाने गातो म्हणणाऱ्याने तर तिलवाडा तालाची लय थोडी वाढवावी. आपल्याकडचा विलंबित इतका संथ कधीच नव्हता. लय नीट ठेवली की वेळेचा प्रश्न निम्मा सुटतो.

सूरसागरकाठी:
बडोद्याहून लिहिते. आमच्याकडे फैयाज खाँसाहेबांच्या बाबतीत तुमचं म्हणणं अगदी पटतं. आमच्या घरातल्या जुन्या माणसांना त्यांचं चरित्र फारसं ठाऊक नव्हतं, पण 'प्रेमपिया' म्हणजे खाँसाहेब हे ठाऊक होतं, कारण जयजयवंतीतल्या 'मोरे मंदर'सारख्या चिजा पूर्ण ऐकायची सवय होती. वडील त्यांच्या जन्माआधीच गेले, आजोबा गुलाम अब्बास खाँ यांनी आग्र्यात वाढवलं आणि शिकवलं, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. कळल्यावर चीज जास्त आवडली का? नाही. पण आजोबांनी नातवाला दिलेली तालीम किती कसून असेल हा विचार मात्र तेव्हापासून मनात येतो.

आणखी एक सांगते, कारण इथे सांगायलाच हवं. खाँसाहेब १९५० साली बडोद्यात गेले. त्यांच्या कबरीची २००२ च्या दंगलीत मोडतोड झाली. ज्या गावाने त्यांना दरबारी गायक म्हणून मिरवलं, त्याच गावात हे घडलं. कलावंताचे हाल तो गेल्यावरही थांबत नाहीत.

नव्यानेऐकणारी:
मी थोडं वेगळं लिहिणार आहे. हस्सू खाँची कथा मी पहिल्यांदा श्रोत्यांत ऐकली नाही, क्लासमध्ये ऐकली.

गळा बसला होता. बोलताना दुखत होतं, तार सप्तकात हवाच यायची. क्लासमध्ये सांगितलं तर उत्तर मिळालं की हस्सू खाँची बरगडी मोडली तरी त्यांनी तान पुरी केली, तुझा नुसता घसा बसलाय. मी गात राहिले. पुढे डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं तेव्हा स्वरतंतूंवर गाठी निघाल्या. कित्येक महिने गाणं बंद, बोलणंही मोजून. आता बरी आहे, पण पूर्वीची दमसास आलेली नाही.

मला हस्सू खाँबद्दल अनादर नाही. पण ती कथा कुणाला, कधी आणि कशासाठी सांगितली जाते याचा कुणी विचार करतं का?

झुमरा:
नव्यानेऐकणारी, तुमचा प्रतिसाद वाचून मन विषण्ण झालं. शिकवणारा म्हणून मला यावर लिहिलंच पाहिजे.

आधी कथा काय आहे ती पाहू. हद्दू, हस्सू, नत्थू हे भाऊ, त्यांचे आजोबा नत्थन पीरबक्ष. शिंद्यांच्या पदरी बडे महंमद खाँ होते, त्यांची तानबाजी गाजलेली. या भावांनी ती लपून ऐकून उचलली असं सांगतात. मग दरबारात सामना झाला, हस्सू खाँनी 'कडक बिजली' तान घेतली, ती परत घ्यायला लावली आणि दुसऱ्या खेपेला तोंडातून रक्त आलं. आजोबांनी शालीने रक्त पुसलं आणि मरायचंच आहे तर तान पुरी करून मर म्हणाले, अशी परंपरेतली हकीगत.

यातलं किती घडलं ते सोडा. तानेने बरगडी मोडणं मला तरी शक्य वाटत नाही. रक्त आलं असेल तर छातीचा आजार आधीपासून असणार, असं माझं मत. आणि कथा जशी आहे तशी धरली तरी तिच्यात काय दिसतं? एका तरुण गवयाला, मालकासमोर, प्रतिस्पर्ध्याच्या डावात, दुखत असताना पुन्हा गायला लावलं आणि तो गेला. ही गोष्ट शौर्याची नाही, त्याच्यावर झालेल्या जुलमाची आहे. आपण ती पिढ्यान् पिढ्या शौर्याची म्हणून सांगतो आणि तोच जुलूम पुढच्या मुलांवर करतो.

हस्सू खाँचं खरं देणं वेगळंच आहे. वासुदेवबुवा जोशी, देवजीबुवा परांजपे, बाबा दीक्षित या मराठी मुलांना त्यांनी शिकवलं. त्यातून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९–१९२६) आले आणि त्यांच्यामुळे ख्याल महाराष्ट्रात रुजला. माझ्या विद्यार्थ्यांना मी हे सांगतो. घसा दुखत असेल तर सांगतो, घरी जा, ऐक, तंबोरा लाव, चिजांचे अंतरे पाठ कर. गाऊ नकोस.

तुम्ही सावकाश परत याल. मंद्रातूनच, खालच्या सुरांतूनच, सुरुवात करा, घाई नको.

टप्पा:
हद्दू खाँचा विषय निघालाच आहे तर रहिमतखाँबद्दल. कारण त्यांच्याबाबतीत मला धागाकर्त्याशी थोडं भांडायचं आहे. त्यांची कथा सांगितलीच पाहिजे, पण पूर्ण.

रहिमतखाँ हद्दू खाँचे धाकटे चिरंजीव. वडील १८७५ साली गेले, पुढे थोरला भाऊही गेला. डोक्यावर परिणाम झाला, अफूचं व्यसन लागलं आणि काशीत अगदी दीनवाण्या अवस्थेत फिरू लागले. मध्यंतरातली कथा इथे संपते. खरी कथा इथे सुरू होते!

विष्णुपंत छत्रे नावाचा सांगलीकडचा माणूस तरुणपणी ग्वाल्हेरला आला होता. बाबासाहेब आपट्यांकडे घोडे फिरवायला शिकायचं आणि हद्दू खाँकडे गाणं, असा त्याचा दुहेरी ध्यास. पुढे त्याने सर्कस काढली, ती देशभर गाजली. गावोगाव हिंडताना गुरूचा मुलगा काशीत असा सापडला आणि विष्णुपंत त्याला आपल्याबरोबर घेऊन गेले. खाणं, कपडालत्ता, अफूची मात्रा, लहरी, रुसवे, सगळं सांभाळलं. सर्कशीच्या मुक्कामांवर खाँसाहेबांच्या मैफली करवल्या. मनात आलं तर गायचे, नाही तर नाही. १९०५ मध्ये विष्णुपंत गेले, तर त्यांचे भाऊ काशिनाथपंतांनी ती जबाबदारी उचलली. रहिमतखाँ १९२२ साली कुरुंदवाडला वारले. अखेरच्या वर्षांत त्यांची ध्वनिमुद्रणं झाली, त्यात भैरवीतली 'जमुना के तीर' आहे. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गाण्यावर या आवाजाची छाप आहे हे कानाला कळतं.

इतका आजारी माणूस म्हातारपणापर्यंत गाऊ शकला, कारण कुणीतरी त्याचं रोजचं जेवणखाण आणि औषधपाणी पाहत होतं. वेडाने त्यांना सूर दिला हे म्हणणं मला सहन होत नाही. सूर हद्दू खाँच्या तालमीतून आला होता आणि छत्रे बंधूंच्या घरात टिकला.

तसंच निसार हुसेन खाँचं. हे नत्थू खाँकडचे, ग्वाल्हेरातल्या आपल्या लश्कर भागातलेच. जयाजीराव महाराज १८८६ साली गेले आणि पुढे यांचा दरबारातला आसरा सुटला. ते पंडितांच्या घरी येऊन राहिले, तिथे कृष्णरावांचे वडील शंकरराव यांना त्यांनी हातचं न राखता शिकवलं. घराच्या रीतीप्रमाणे जेवणखाण बदललं, लोक त्यांना 'निसार भट' म्हणत. आगगाडीच्या आवाजावर त्यांनी चीज बांधली आणि लाटसाहेबाला ऐकवून प्रवासाचा पास मिळवला, अशी आठवण सांगतात. तराण्यांचा हा बादशहा एका मराठी ब्राह्मणाच्या घरात म्हातारा झाला. आज ग्वाल्हेर अंगाचा तराणा ऐकताना किती जणांना हे नाव आठवतं?

पियानोवाली:
अवांतर वाटेल, पण नाही. युरोपातही हेच आहे. मोझार्ट १७९१ मध्ये पस्तिसाव्या वर्षी गेला, तर सालिएरीने विष घातलं, भिकाऱ्यासारखा पुरला, असल्या कथा. विषाला काहीही आधार नाही. व्हिएन्नात तेव्हा सामान्य नागरिकांचं दफन ज्या साध्या पद्धतीने होई तसंच त्याचं झालं. पण त्याचा 'रिक्विएम' (मृतांसाठीची प्रार्थनारचना) अर्धवट राहिला होता आणि विधवा पत्नी कॉन्स्टान्झेला उरलेलं मानधन हवं होतं, म्हणून झ्युसमायर या त्याच्या सहायकाने तो पुरा केला. सभागृहात बसलेले लोक विषाची गोष्ट जाणतात, झ्युसमायरचं नाव फार थोडे जाणतात. लश्करकर म्हणतात तेच हे.

गंगाजळी:
मला एक मुद्दा मांडायचा आहे जो अजून कुणी मांडला नाही. पैसा.

विष्णु दिगंबर पलुसकर (१८७२–१९३१). लहानपणी दत्तजयंतीला फटाक्याने डोळे गेले, म्हणून गाण्याकडे वळले, हे सगळ्यांना माहीत. पण त्यांच्या उत्तरायुष्याला पोखरलं ते कर्जाने. १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं ते राजाश्रयावाचून, लोकांच्या पैशावर. १९०८ मध्ये मुंबईला शाखा काढली. इमारत बांधली ती कर्ज काढून. विद्यार्थ्यांना ठेवून घेऊन शिकवायचं, जेवू घालायचं, आणि ते फेडायला स्वतः गावोगाव जलसे करत फिरायचं. शेवटी इमारत लिलावात गेली. ते नाशिकला रामनामाच्या आश्रयाला गेले. आपण याला वैराग्य म्हणतो. मला त्यात वैराग्याइतकाच सावकार दिसतो.

भातखंड्यांचं दुःख निराळं. वकिली करणारा माणूस, १९०० च्या सुमारास पत्नी गेली आणि पाठोपाठ एकुलती मुलगी. त्यानंतर उरलेलं सगळं आयुष्य चिजा गोळा करण्यात घातलं. ग्रंथावर नाव 'चतुरपंडित', बंदिशीत 'हररंग'. आपल्या ग्वाल्हेरात माधवराव महाराजांनी १९१८ मध्ये संगीत विद्यालय काढलं ते त्यांच्याच सल्ल्याने, आणि राजाभैया पूछवालेंसारख्यांनी ते पुढे चालवलं. १९३३ मध्ये पक्षाघात झाला, १९३६ च्या गणेश चतुर्थीला गेले. त्यांच्या क्रमिक पुस्तकांत छापलेला अंतरा कित्येकदा आज गायकाला माहीत असलेला एकमेव अंतरा असतो. स्वरलिपीने गायकी मरते असं म्हणणारे तेव्हाही आपल्या गावात होते, आजही आहेत, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण अंतरे वाचले ते या पुस्तकांमुळे.

पावकी:
गंगाजळी, तुमचा प्रतिसाद उत्तम. त्याला एक जोड देते.

विष्णु दिगंबरांच्या बारा अपत्यांपैकी अकरा लहानपणीच गेली, एकटे दत्तात्रेय राहिले, हे वाक्य त्यांच्या प्रत्येक चरित्रात असतं. वाचताना आपण बुवांसाठी हळहळतो. पण बुवा बहुतेक वेळ दौऱ्यावर असत, पुढे तर विरक्तच झाले. ती अकरा मुलं घरात आजारी पडली, तेव्हा उशाशी कोण बसलं होतं? वाचलेल्या मुलाचे वडील तो दहा वर्षांचा असताना गेले. डी. व्ही. पलुसकर पुढे केवढे गायले! 'बैजू बावरा'त अमीर खाँसाहेबांबरोबर गायले, आणि १९५५ मध्ये मेंदूच्या आजाराने चौतिसाव्या वर्षी गेले. या आईबद्दल चरित्रांत एखादी ओळ असते.

आणि ज्यांनी रचना केल्या पण मुद्रा, म्हणजे बंदिशीतली नावाची सही, घातली नाही, घालू दिली नाही, अशा बायका? ठुमरी, दादरा, होरी यांतलं कितीतरी कोठ्यांवर बांधलं गेलं. ते 'पारंपरिक' म्हणून गातात. लश्करकर, तुमचा अंतऱ्याचा उपाय फार चांगला आहे, पण तो सही असलेल्यांसाठी आहे.

लश्करकर:
पावकीताई, खरं आहे. त्याला माझ्याकडे उत्तर नाही. निदान 'पारंपरिक' म्हणताना ती चीज कुणाकडून आली, कोणत्या बाईंच्या गाण्यातून गुरूंपर्यंत पोचली, हे ठाऊक असेल तिथे गायकाने सांगावं. गुरूंच्या वह्यांत अशा नोंदी असतात, मी पाहिल्या आहेत.

टप्पा, तुमचंही मान्य. छत्रे बंधूंसकट सांगितलेली रहिमतखाँची कथा मी दहा वेळा ऐकेन.

आता कामाचं. आमच्या गल्लीतल्या घरगुती बैठकीत पुढच्या वेळेपासून एक करायचं ठरवतो आहोत: गायकाला आधीच विनंती की मोठ्या ख्यालाची चीज पूर्ण म्हणावी, आणि दारात एका कागदावर त्या दिवशीच्या चिजांचे पूर्ण शब्द, मुद्रा, ताल आणि रचनाकार लिहून ठेवायचे. आयुष्याची माहिती चार ओळींत, दंतकथा असेल तर दंतकथा म्हणूनच.

झुमरा:
कागदाला माझा पाठिंबा. एक सुचवतो, गायकाकडून शब्द आधी लिहूनच मागा. छापील पुस्तकातला पाठ आणि त्याच्या गुरूचा पाठ वेगळा असतो, आणि कागदावर पुस्तकातला छापलात तर श्रोते त्यालाच चूक ठरवतील.

नव्यानेऐकणारी:
झुमरा सर, आभार. सध्या तेच चाललंय, ऐकणं आणि अंतरे लिहून काढणं. कागदाचं काम मला द्याल का? लश्करात घर आहे, अक्षर बरं आहे. डिसेंबरात तानसेन समारोहाला सकाळी ढोलीबुवांची हरिकथा आणि मिलाद ऐकायला जाणारच आहे, तेव्हा संध्याकाळच्या सभांत जे गायलं जाईल त्याचे शब्द टिपून इथे टाकते. जिथे अंतरा गायलाच नाही तिथे तसं लिहीन.

लश्करकर:
काम तुमचंच. यमनापासून सुरू करू. ज्यांच्याकडे यमनच्या विलंबित चिजांचे पूर्ण अंतरे मुद्रेसकट आहेत, त्यांनी याच धाग्यात द्यावेत. कोणत्या गुरूंकडून मिळाले तेही लिहा.